कर्ज फिटले, पण बेबाकीचा दाखला कुठे आहे?

कर्ज फिटले म्हणजे माणूस मोकळा झाला, असे आपल्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या मानले जाते. सावकाराने शेवटचा हप्ता घेतला, वहीतल्या नावावर आडवी रेघ मारली, की विषय संपला. माणूस पुन्हा ताठ मानेने पेठेत उभा राहत असे. त्या रेघेला किंमत होती, कारण ज्याने रेघ मारली तो आणि ज्याच्या नावावर मारली तो, दोघेही एकाच गल्लीत राहत होते.

आज ती वही गल्लीत नाही. ती मुंबईच्या कुठल्यातरी कचेरीतील संगणकात आहे. त्या वहीतली रेघ आपोआप मारली जात नाही. ती मारून घ्यावी लागते. आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांना ही गोष्ट अजून नीट उमगलेली नाही, आणि त्याची किंमत ते घराच्या रूपाने मोजत आहेत. म्हणून आज हा विषय या पानावर घेत आहोत.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. यंत्रमागाचा धंदा. बारा माग, घरचे चार हात आणि बाहेरचे सहा कामगार. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीने पहिला धक्का दिला, जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा दुसरा बसला, आणि मार्च २०२० च्या टाळेबंदीत माग पूर्ण थांबले. सूतवाल्याचे देणे उभे राहिले, कापड घेणाऱ्याने पैसे दिले नाहीत. एका सहकारी बँकेचे सात लाख, एका फायनान्स कंपनीचे तीन लाख आणि क्रेडिट कार्डाचे एक लाख, असे अकरा लाख अंगावर आले.

हे गृहस्थ पळाले नाहीत. फोन बंद केला नाही. जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी सर्व देण्यांची यादी केली, तिघांकडे स्वतः गेले, हप्ते लहान करून मुदत वाढवून घेतली. चार माग विकले. घरातले सोने मोडले. थोरला मुलगा शिक्षण अर्धवट ठेवून दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला लागला. एकेचाळीस महिने हप्ते भरून मे २०२४ मध्ये त्यांनी सारे देणे संपवले. त्या दिवशी घरात मिठाई आली.

मग भाड्याच्या खोलीतून बाहेर पडावे म्हणून त्यांनी पंचवीस लाखांचे दोन खोल्यांचे घर पाहिले. एक लाख रुपये इसार दिला आणि वीस लाखांच्या गृहकर्जासाठी बँकेत अर्ज केला. पंधरा दिवसांनी अधिकाऱ्याने सांगितले, "चाचा, तुमचं सिबिल खराब आहे. आमच्याकडून होणार नाही."

अहवाल काढून पाहिला तेव्हा दोन गोष्टी समोर आल्या. फायनान्स कंपनीच्या खात्यावर तीन हजार आठशे रुपये अजून थकीत दिसत होते. ते दंडाचे होते आणि कोणी त्यांना कधी सांगितलेही नव्हते. कार्डाच्या खात्यासमोर 'सेटल्ड' असा शब्द होता. वसुलीवाल्याने एक लाखाऐवजी साठ हजारांत "मिटवून टाकू" म्हटले होते, आणि आमच्या गृहस्थांना ते मिटले असेच वाटले होते. इसाराची मुदत संपली. घर गेले आणि इसारही गेला.

वाचकहो, या माणसाच्या इमानात काय कमी होते? काहीच नाही. कमी होता तो कागद.

फेड वेगळी, तडजोड वेगळी

आमच्या लोकांच्या मनात दोन गोष्टींची गल्लत होते, आणि आमच्या मते सारे नुकसान तिथूनच सुरू होते. हप्ते लांबवून का होईना, पण पूर्ण रक्कम भरणे ही फेड झाली. ठरलेल्या रकमेपेक्षा कमी घेऊन बँकेने खाते बंद करणे ही तडजोड झाली. सहकारी बँका तिला 'एकरकमी परतफेड योजना' म्हणतात. नाव परतफेडीचे असले तरी सूट घेतली असेल तर अहवालात ती तडजोड म्हणूनच उतरते. पूर्ण फेडीचे खाते 'क्लोज्ड' म्हणजे बंद दिसते. तडजोडीचे खाते 'सेटल्ड' दिसते. बँकेने पैसे बुडीत धरून वजा केले असतील तर 'रिटन ऑफ' दिसते. घर घ्यायला निघालेल्या माणसासाठी या तीन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हे अहवाल तयार करणाऱ्या कंपन्या आपल्या देशात चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क. सिबिल २००० साली सर्वांत आधी निघाली, म्हणून लोक सगळ्यांनाच सिबिल म्हणतात. त्यांचा कारभार २००५ च्या पतमाहिती कंपनी कायद्याखाली आणि रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली चालतो. सिबिलचे गुण ३०० ते ९०० या दरम्यान असतात. ७५० च्या पुढे असलेल्या माणसाकडे बँका बऱ्या नजरेने पाहतात. मात्र अमुक गुणांखाली कर्ज देऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा कोणताही नियम नाही, हे लक्षात ठेवावे. तो प्रत्येक बँकेचा स्वतःचा निर्णय असतो. एका दारातून नकार आला म्हणजे सर्व दारे बंद झाली असे मुळीच नाही.

तडजोडीचा मोह का होतो, हे आम्ही जाणतो. चार लाखांच्या देण्यावर बँक म्हणते, दोन लाख चाळीस हजार एकदम द्या आणि मोकळे व्हा. एक लाख साठ हजार वाचले, असे वाटते. पण पुढचा हिशेब करून पाहू. पुढे या माणसाला घरासाठी वीस लाख हवे आहेत, मुदत वीस वर्षे. चांगल्या नोंदीच्या माणसाला ते ९ टक्क्यांनी मिळाले तर हप्ता सुमारे १७,९९५ रुपये बसतो. डागी नोंदीमुळे मोठ्या बँकेने नाकारले आणि लहान गृहवित्त कंपनीने १२ टक्क्यांनी दिले, तर हप्ता सुमारे २२,०२२ रुपये होतो. महिन्याला चार हजारांहून अधिक फरक, आणि वीस वर्षांत तो साडेनऊ लाखांच्या वर जातो. आधी वाचवलेले एक लाख साठ हजार कुठे आणि हे कुठे!

दर उदाहरणादाखल घेतले आहेत; बदलत्या दराचे गृहकर्ज वैयक्तिक घेणाऱ्याला पुढे दुसऱ्या बँकेत विनादंड हलवता येते, हेही खरे. पण हलवण्यासाठी पुन्हा तोच अहवाल लागतो. म्हणून आमचे सांगणे असे की, भरण्याची थोडीही ताकद असेल तर सूट मागू नका, मुदत मागा. हप्ता निम्मा करून घ्या, दोन वर्षांची चार वर्षे करून घ्या, दंड माफ करून घ्या. पण मुद्दल सोडवून घेऊ नका. मुदत वाढवल्याचीही नोंद अहवालात राहू शकते, तरी पूर्ण फेडीपुढे तिची धार बोथट होते.

आता हेही सांगितले पाहिजे की, तडजोड म्हणजे पाप नव्हे. आजारपण आले, कर्ता माणूस गेला, दुकानच जळाले, तर तडजोडीशिवाय मार्ग नसतो. कुरआनातही अडचणीत सापडलेल्या कर्जदाराला मुदत द्यावी आणि जमल्यास माफ करावे, असा उपदेश आहे. अशा माणसाने मान खाली घालण्याचे कारण नाही. फक्त आपण काय सही करतो आहोत आणि पुढे त्याचा अर्थ काय लागणार आहे, हे जाणून सही करावी. रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये घालून दिलेल्या नियमाप्रमाणे, शेतीकर्ज सोडून अन्य कर्जात तडजोड झाली असेल तर ती संस्था किमान बारा महिने त्या कर्जदाराला नवे कर्ज देऊ शकत नाही. म्हणजे वर्षभर त्या दारी जाऊन उपयोग नाही. तो काळ नोंद सुधारण्यात घालवावा.

तडजोड आधीच होऊन गेली असेल, तर हातात बळ आल्यावर त्या बँकेकडे जाऊन सुटीची राहिलेली रक्कम भरण्याची तयारी लेखी कळवावी. पुष्कळ बँका ती घेतात आणि खाते 'क्लोज्ड' करून देतात. आमच्या यंत्रमागवाल्या गृहस्थांनी पुढे हेच केले. चाळीस हजार भरले आणि पत्र घेतले. पैसे देण्यापूर्वी 'ही रक्कम मिळाल्यावर खात्याची नोंद पूर्ण फेड अशी बदलू' असे बँकेकडून लिहून घेतले, आणि मगच भरले. हा क्रम उलटा करू नये.

लिहून घ्या

देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा आणि त्यावर साक्षीदार घ्या, हा हुकूम सूरह बकरामध्ये आहे आणि ती कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे. इतक्या तपशिलाने ही गोष्ट सांगितली आहे, आणि आमचेच लोक 'विश्वासावर चालते' म्हणून पावती घेत नाहीत! कर्ज घेताना लिहायचे तसेच फेडतानाही लिहायचे.

शेवटचा हप्ता भरला की बँकेकडून बेबाकीचा दाखला घ्या. त्यावर खाते क्रमांक, पूर्ण फेडीची तारीख आणि 'काहीही येणे बाकी नाही' ही वाक्ये असली पाहिजेत. सोबत शेवटपर्यंतचा खातेउतारा घ्या, ज्यात बाकी शून्य दिसेल. दंड, शुल्क, विमा अशा नावाखाली शंभर-दोनशे रुपये राहिले आहेत का ते त्याच दिवशी विचारा. आमच्या पाहण्यात मोठ्या कर्जांपेक्षा अशा चिल्लर बाक्यांनीच जास्त माणसे अडकली आहेत.

वसुलीला आलेल्या माणसाच्या हातात रोख देऊ नका. द्यावेच लागले तर कंपनीची छापील पावती घेतल्याशिवाय देऊ नका. खात्यात थेट भरणे सर्वांत बरे.

दुकान, गाळा किंवा जमीन तारण होती, तर मूळ कागद परत घ्या. पूर्ण फेड किंवा तडजोड झाल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ कागद परत करून बोजा उतरवून देणे बँकांवर बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासूनच्या प्रकरणांना लागू आहे. सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावरचा बोजा खरोखर कमी झाला का, ते तलाठी किंवा नगर भूमापन कार्यालयात नवा उतारा काढून स्वतः पाहा.

यानंतर दीड-दोन महिन्यांनी पतअहवाल काढा. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळण्याचा प्रत्येकाचा हक्क आहे. मोबाईलवर मुलेबाळे सहज काढून देतील. त्यासाठी कोणाला पाचशे रुपये देण्याची गरज नाही. १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी किमान पंधरा दिवसांतून एकदा माहिती या कंपन्यांना द्यायची आहे, त्यामुळे 'अजून वर गेले नाही' ही सबब फार दिवस चालत नाही.

चूक आढळली तर बँकेकडे आणि पतमाहिती कंपनीकडे, दोन्हीकडे लेखी तक्रार करा आणि क्रमांक जपून ठेवा. तीस दिवसांत निवारण झाले नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळते. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये हा आदेश काढला. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, वकील नाही. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. पतसंस्थेविषयी तक्रार असेल तर मात्र सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे जावे लागते. रिझर्व्ह बँकेचा तिथे संबंध येत नाही.

आणि एक इशारा. 'सिबिल साफ करून देतो', 'कर्ज माफ करून देतो' अशा जाहिराती करणारे बाजारात फिरतात. कर्जमाफीच्या अशा जाहिरातींविरुद्ध डिसेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच लोकांना सावध केले होते. खरी असलेली नोंद कोणीही पुसू शकत नाही, आणि खोटी असलेली नोंद तुम्ही स्वतः फुकट दुरुस्त करून घेऊ शकता. मग या मधल्या माणसाला पैसे कशाचे द्यायचे?

गृहकर्जाच्या दारात

व्याजाचे गृहकर्ज घ्यावे की नाही, हा प्रश्न आमचे वाचक स्वतःला विचारतात, आणि विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर दीनच्या जाणकारांकडून घ्यावे. हे पान व्यापाराचे आहे, फतव्याचे नाही. आम्ही एवढेच म्हणू की, ज्याने दाराशी जायचे ठरवले आहे त्याने तयारीने जावे. आणि ज्याने जायचे नाही असे ठरवले आहे, त्यालाही जागा भाड्याने घेताना, माल उधार घेताना, मुलाच्या शिक्षणासाठी हात पसरताना स्वच्छ नोंद उपयोगीच पडते.

फेड पूर्ण झाल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी अर्ज करू नये. अहवालात मागच्या ३६ महिन्यांचे हप्ते महिन्यानुसार दिसतात. जितके ताजे महिने स्वच्छ, तितका अधिकाऱ्याचा हात लवकर सहीकडे जातो. वर्ष-दीड वर्ष थांबता आले तर थांबावे, आणि त्या काळात एखादे लहान कर्ज किंवा मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड घेऊन ते तारखेला भरत राहावे. व्याज नको असणाऱ्याने कार्डाची पूर्ण रक्कम मुदतीत भरली तर व्याज लागत नाही. पतसंस्थेतील किंवा बिनव्याजी संस्थेतील चोख परतफेड या अहवालात बहुधा दिसत नाही, म्हणून तिचा स्वतंत्र दाखला घेऊन अर्जासोबत जोडावा.

ज्याने पूर्वी कधी कर्जच घेतले नाही, त्याच्या नावावर काहीच नोंद नसते. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ जुनी नोंद नाही म्हणून नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत बँकांना सांगितले आहे. घरातली बायको किंवा मुलगा कमावत असेल आणि त्यांच्या नावावर डाग नसेल, तर त्यांना सहअर्जदार करावे. घरही दोघांच्या नावावर करावे. ज्या बाईने सोने मोडून कर्ज फेडले, तिचे नाव घरावर असणे हा न्यायच आहे.

आमच्या कारागिरांची खरी अडचण उत्पन्नाच्या पुराव्याची आहे. हातात कला आहे, महिन्याला पैसा येतो, पण रोखीने येतो आणि रोखीने जातो. बँकेला मात्र दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, जीएसटीचे भरणे, उद्यम नोंदणी, दुकानाचा परवाना आणि खातेउतारा हवा असतो. हे कागद अर्जाच्या आदल्या महिन्यात तयार होत नाहीत. आज हप्ते फेडणाऱ्याने आजपासूनच विक्रीचा पैसा खात्यात भरायला सुरुवात करावी. कर चुकवण्यासाठी उत्पन्न कमी दाखवायचे आणि कर्जासाठी जास्त सांगायचे, हे दोन्ही एकदम चालत नाही. बँक कागदावरचेच उत्पन्न धरते आणि सर्व हप्ते मिळून त्याच्या साधारण निम्म्यापलीकडे जाऊ देत नाही.

घराच्या पूर्ण किमतीचे कर्जही मिळत नाही. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत मर्यादा आहे. पण जुना डाग असलेल्याला बँक त्याहून कमीच देते. म्हणून हाताशी वीस-पंचवीस टक्के रक्कम असल्याशिवाय इसार देऊ नये. इसारपावतीत 'कर्ज मंजूर न झाल्यास इसार परत' हे कलम घालून घ्यावे. एवढी एक ओळ असती तर आमच्या गृहस्थांचे एक लाख वाचले असते.

एकाच महिन्यात पाच बँकांत अर्ज टाकू नयेत. प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि गुण उतरतात. आधी अहवाल पाहावा, मग एका बँकेत जावे, आणि जुन्या अडचणीची हकीकत आपणहून लिहून द्यावी: केव्हा, कशामुळे, किती, आणि कसे फेडले. लपवलेले अहवालात सापडतेच, आणि मग खरे सांगितलेल्यावरही विश्वास राहत नाही.

जामीनदाराचे काय?

आमच्या समाजात शब्दाला मान आहे. शेजारी म्हणतो, 'भाई, जामीन राहा', आणि आपण न वाचता सही करतो. ज्याला आपण जामीन राहिलो त्याने हप्ते थकवले, तर ते आपल्याही अहवालात दिसते. सहकारी बँकेने कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवला, तर तो जामीनदारावरही निघतो. म्हणून फेड पूर्ण झाल्यावर कर्जदाराने जामीनदाराच्या नावानेही मुक्ततेचे पत्र घेऊन त्याच्या हातात दिले पाहिजे. ज्याने अडचणीत आपल्याला शब्द दिला, त्याचे घर आपल्या निष्काळजीपणाने अडू नये. ती आपल्यावर असलेली अमानत आहे.

बँकांना आणि सरकारला आमचे सांगणे

आतापर्यंत आम्ही आमच्या माणसांना चार शब्द सुनावले. आता दुसऱ्या बाजूलाही सुनावले पाहिजेत.

जो पळाला आणि जो एकेचाळीस महिने राबून फेडत राहिला, या दोघांना एकाच तराजूत तोलणे हा कोणता न्याय? बुडालेल्या धंद्यातून उठून संपूर्ण देणे फेडणारा माणूस, ज्याच्यावर कधी संकटच आले नाही त्याच्यापेक्षा जास्त कसाला उतरलेला असतो. जुना सावकार एवढे ओळखत असे. संगणकाला ते ओळखता येत नसेल, तर त्याच्यासमोर बसलेल्या अधिकाऱ्याने ओळखावे. अर्ज आकड्यावरून फेटाळण्यापूर्वी फेडीची हकीकत वाचली पाहिजे आणि नकाराचे कारण लेखी दिले पाहिजे.

इंग्लंडमध्ये कर्जदार आणि धनको यांच्यात कायदेशीर करार होऊन ठराविक वर्षांत देणे फेडण्याची पद्धत आहे, आणि त्या कराराची नोंद सुरू झाल्यापासून सहा वर्षांनी अहवालातून जाते. माणसाला ठाऊक असते की अमुक तारखेला आपली पाटी कोरी होणार. आपल्याकडे २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्ती आणि भागीदारी यांच्यासाठी अशीच परतफेड योजना लिहिलेली आहे. पण कंपन्यांचे वैयक्तिक जामीनदार सोडले, तर सामान्य व्यापाऱ्याला ती लागू करण्यात आलेली नाही. मोठ्या कंपनीला कायद्याने उठण्याचा रस्ता आहे, मागवाल्याला नाही. पतमाहिती किमान सात वर्षे जपून ठेवावी असा आपल्याकडे नियम आहे. पण ज्याने सगळे फेडले त्याचा डाग किती वर्षांनी पुसावा, याचे उत्तर कर्जदाराला मिळत नाही. ते मिळाले पाहिजे.

आणि एक कडू गोष्ट. २००६ साली सच्चर समितीने नोंदवले की, काही बँका विशिष्ट भाग 'नकारात्मक' ठरवून तिथे सहसा कर्ज देत नाहीत, आणि मुस्लिम वस्त्यांना त्याचा फटका बसतो. पत्ता वाचून अर्ज बाजूला ठेवला जात असेल, तर तो अन्याय आहे आणि त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण बोलण्यासाठी हातात पक्का कागद लागतो. गुण चांगले, उत्पन्न पक्के, बेबाकी हातात, आणि तरी नकार आला, तर त्या नकाराला जाब विचारता येतो. कागदच कच्चा असेल, तर पत्त्यामुळे नाकारले की नोंदीमुळे, हे कधीच कळत नाही.

बिरादरीने करण्यासारखे

आमची एक सूचना आहे. प्रत्येक शहरात व्यापारी संघटना आहे, जमात आहे, अंजुमन आहे. महिन्यातून एका रविवारी दोन शिकलेली मुले आणि बँकेतून निवृत्त झालेला एखादा जाणता माणूस बसवावा. लोकांनी आपला अहवाल घेऊन यावे, तो मराठीत किंवा उर्दूत समजावून द्यावा, चूक असेल तर अर्ज लिहून द्यावा. याला मोठा निधी लागत नाही, इमारत लागत नाही. एक टेबल आणि दोन तास पुरेत. कोणाचा अहवाल काय निघाला हे बाहेर बोलायचे नाही, एवढी अट मात्र कडक असावी. इज्जत जाईल या भीतीनेच लोक वर्षानुवर्षे आपला अहवाल पाहत नाहीत.

आमच्या यंत्रमागवाल्या गृहस्थांचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. तक्रार केल्यावर फायनान्स कंपनीने तीन हजार आठशेची बाकी काढून टाकली. कार्डाची राहिलेली रक्कम भरून ते खातेही 'क्लोज्ड' झाले. पुढच्या वर्षी दुसऱ्या बँकेत, पत्नीला सहअर्जदार करून, त्यांना गृहकर्ज मंजूर झाले. पण त्याच इमारतीतले तसेच घर तोपर्यंत अडीच लाखांनी महाग झाले होते. इसाराचा एक लाख धरला तर साडेतीन लाख. दोन पत्रे वेळेवर न घेतल्याची ही किंमत.

नव्या घरात त्यांनी भिंतीतल्या कपाटात एक पत्र्याची पेटी ठेवली आहे. तिच्यात घराचे कागद आहेत, आणि त्यांच्यावर तीन दाखले: बँकेचा, फायनान्स कंपनीचा, कार्डाचा. मुलांना त्यांनी सांगून ठेवले आहे की, आग लागली तर आधी ही पेटी बाहेर काढायची.

व्यापारी बांधवांनो, तुमची पेटी कुठे आहे? नसेल तर या आठवड्यात करा. ज्या कर्जाचा शेवटचा हप्ता भरून महिना झाला असेल, त्या बँकेत उद्याच जा आणि दाखला मागा. फेडणे ही तुमची जबाबदारी होती, ती तुम्ही पार पाडली. दाखला देणे ही त्यांची जबाबदारी आहे, ती त्यांच्याकडून पार पाडून घ्या.